गावरान, गिरीराज, कडकनाथ एकाच खुराड्यात

परसातल्या कोंबड्या मिश्र होतात त्या बहुतेक घरी ठरवून होत नाहीत. आठ-दहा गावरान आधीपासून असतातच. एखाद्या दिवशी गावात पिल्लांची गाडी येते आणि गिरीराज किंवा वनराजाची पंचवीस पिल्लं घेतली जातात. अंड्यांसाठी कोणी रोड आयलंड रेडच्या, म्हणजे आपल्याकडे सगळे ‘आरआयआर’ म्हणतात त्या जातीच्या, चार तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, देतं. काळ्या कोंबडीला भाव आहे म्हणून कडकनाथची एक जोडी येते. वर्षभरात एकाच खुराड्यात चार-पाच जाती आणि तीन-चार वयं जमतात. हे लिखाण अशा वीस ते साठ पक्ष्यांच्या घरासाठी आहे, जिथे कोंबड्या दिवसा मोकळ्या फिरतात आणि रात्री कोंडल्या जातात.

इतक्या वर्षांच्या पाहण्यात एक गोष्ट पक्की झाली आहे. मिश्र कोंबड्यांत मरतुक होते तेव्हा दोष बहुधा जातीला दिला जातो: ‘गिरीराज टिकत नाही’, ‘कडकनाथ नाजूक’. खरं कारण बहुतेक वेळा हे असतं की सगळ्यांना एकाच वेळी, एकाच भांड्यात, एकाच नियमाने सांभाळलं जातं. दिवसभर एकत्र फिरू द्यायला काहीच हरकत नाही. पण लहानपण, खाणं, नव्याने येणं आणि रवण, म्हणजे अंडी उबवायला कोंबडी बसवणं, या चार गोष्टींत त्यांना वेगळं काढावंच लागतं.

कोणती जात कशाला

गावरान वर्षाला ६० ते ८० अंडी देते, अंडं लहान. पण ती स्वतःचं पोट स्वतः भरते, घारीची सावली ओळखते आणि खुडूक होते, म्हणजे अंडी उबवायला बसते. मिश्र कोंबड्यांत तिची खरी किंमत या तिसऱ्या गुणात आहे. गिरीराज बंगळुरूच्या विद्यापीठाने तयार केलेली, वनराजा आणि ग्रामप्रिया हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेच्या. गिरीराज आणि वनराजा वजनाच्या, ग्रामप्रिया अंड्यांची. या तिन्ही जाती सहसा खुडूक होत नाहीत, म्हणून त्यांच्या भरवशावर घरची पिल्लं होत नाहीत. आरआयआर नियमित अंडी देते, पण तिला रोज पुरेसं खाद्य हवं. नुसत्या फिरण्यावर तिची अंडी निम्म्यावर येतात. कडकनाथ मूळची मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातली, २०१८ मध्ये तिच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं. ती चपळ आहे, उन्हाला चांगली तोंड देते, पण रवणीवर क्वचितच नीट बसते.

असील, ही झुंजीची जात, या कळपात घेऊ नये. तो पक्षी उत्तम, पण त्याचे कोंबडे दुसऱ्या कोंबड्याला जिवंत सोडत नाहीत. टर्कीही सोबत नको. कोंबड्यांच्या पोटातल्या बारीक जंतांबरोबर एक सूक्ष्म जीव पसरतो, तो कोंबडीला फारसा त्रास देत नाही पण टर्कीचं यकृत पोखरतो. शिवाय कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्यात रक्ती हगवणीविरुद्ध घातलेली काही औषधं, उदाहरणार्थ सॅलिनोमायसिन, टर्कीला विषारी ठरतात.

पिल्लं: पहिले सहा आठवडे

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून इथे सगळ्यात जास्त लिहितो.

गाडीवरची पिल्लं घेताना विचारायची पहिली गोष्ट म्हणजे मरेक्सची, या लुळं पाडणाऱ्या रोगाची, लस पहिल्या दिवशी उबवणी केंद्रात दिली आहे का. ती नंतर देऊन उपयोग होत नाही. पिल्लू हातात घेऊन बेंबी पाहायची. ओली, काळी किंवा उघडी असेल तर ते पिल्लू नको. उलटं ठेवल्यावर लगेच सरळ होतं का तेही पाहायचं.

पन्नास पिल्लांसाठी पत्र्याचं किंवा जाड पुठ्ठ्याचं गोल कडं करायचं, दीड फूट उंच आणि चार-पाच फूट व्यासाचं. कडं गोलच हवं, कारण कोपरा असला की थंडीत पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. खाली दोन-तीन इंच भाताचं तूस, त्यावर पहिले तीन दिवस वर्तमानपत्र, नाहीतर पिल्लं दाण्याऐवजी तूस खातात. मात्र गुळगुळीत चकचकीत कागद नको, त्यावर पाय फाकतात आणि मग ते पिल्लू उभं राहत नाही.

ऊब पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सियस, नंतर दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी. पिल्लामागे दोन वॅट असा हिशेब धरून पन्नास पिल्लांना शंभर वॅटचा बल्ब पुरतो, पण तो तारेचा जुना पिवळा बल्ब हवा. एलईडी बल्बने उजेड पडतो, ऊब मिळत नाही. ही चूक आता घरोघरी होते आणि पिल्लं ‘कशाने तरी’ मेली असं सांगितलं जातं. थर्मामीटर नसला तरी चालतं. पिल्लं बल्बखाली गोळा होऊन चिवचिवत असतील तर थंडी आहे. कड्याला चिकटून चोच उघडी ठेवत असतील तर उष्णता जास्त आहे. सगळी एकाच बाजूला गेली असतील तर दुसऱ्या बाजूने वारा येतोय. विखरून खात-झोपत असतील तर बरोबर. वीज जाणाऱ्या गावात कोळशाची शेगडी तयार ठेवावी, पण धूर निघून गेल्यावरच ती आत घ्यायची आणि वरची हवा मोकळी ठेवायची.

आल्याबरोबर खाद्य देऊ नये. आधी पाणी, लिटरला ५० ते ८० ग्रॅम गूळ घालून, आणि प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात बुडवायची. दोन-तीन तासांनी कागदावर भरडलेला मका पसरायचा. दुसऱ्या दिवसापासून पिल्लांचं खाद्य, २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनांचं. गुळाचं पाणी पहिल्याच दिवशी थांबवायचं. पुढे चालू ठेवलं तर गुदद्वाराला विष्ठा चिकटते आणि मुंग्याही येतात.

आता मिश्र कळपाचा खास प्रश्न. एकाच दिवशी जन्मलेलं गिरीराजचं पिल्लू सहा आठवड्यांत गावरानाच्या दुपटीहून जड होतं. दोन्ही एका कड्यात वाढवली तर गावरान आणि कडकनाथची पिल्लं खाद्याच्या भांड्यापर्यंत पोहोचत नाहीत, खुरटतात, आणि खुरटलेल्यांनाच आधी रोग गाठतो. म्हणून पहिल्या आठवड्यात एकत्र चालतील, दुसऱ्या आठवड्यापासून जातीपेक्षा आकारावरून गट पाडावेत. मध्ये जाळी लावून एकच खोली विभागली तरी पुरतं.

कोंबडीबरोबर फिरणाऱ्या पिल्लांची अडचण वेगळी: मोठ्या कोंबड्या त्यांचं खाद्य संपवतात. त्याला सोपा उपाय म्हणजे डालगं उलटं करून चार विटांवर ठेवायचं, खाली दोन-अडीच इंचाची फट राहील असं. पिल्लं आत शिरतात, मोठ्या शिरत नाहीत. पिल्लांचं खाद्य आणि पाणी डालग्याखाली.

मोठ्या कोंबड्या निरोगी दिसत असल्या तरी त्यांच्या विष्ठेत आणि श्वासात रोगाचे जंतू असतात, जे पिल्लांना मारू शकतात. त्यामुळे कामाचा क्रम ठरलेला हवा. सकाळी आधी पिल्लांचं खाणं-पाणी, मग मोठ्यांचं. पिल्लांच्या खोलीला वेगळ्या चपला. मोठ्यांच्या खुराड्यातली जुनी गादी, म्हणजे खाली पसरलेलं तूस, पिल्लांना कधीही वापरायची नाही.

नवे पक्षी आणणं

आठवडी बाजारातून आणलेली कोंबडी थेट खुराड्यात सोडणं ही सगळ्यात महाग पडणारी गोष्ट. बाजारात दहा गावांच्या कोंबड्या एका टोपलीत बसलेल्या असतात. नवा पक्षी कमीत कमी तीन आठवडे वेगळा ठेवावा, जमेल तितका दूर, आणि आपल्या कोंबड्यांकडे त्याच्या बाजूने वारा येणार नाही अशा जागी. या काळात विष्ठा पाहायची, डोळ्यांत फेस आहे का पाहायचं, शेपटीखालची पिसं बाजूला करून उवा आणि लिखा तपासायच्या. रात्री दिवा न लावता जवळ उभं राहून ऐकायचं. सर्दीची घरघर दिवसा कळत नाही, रात्री स्पष्ट ऐकू येते.

दोन आठवडे झाले की आपल्या कळपातला एक साधा नर त्यांच्यात सोडावा. आठवडाभरात तो आजारी पडला नाही तर पुढे जायला हरकत नाही. काहींना हे कठोर वाटेल. एका नरावर भागतं ते चाळीस कोंबड्यांवर जाण्यापेक्षा बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढची पायरी ओळखीची. एक आठवडा जाळीच्या अलीकडे-पलीकडे ठेवायचं, म्हणजे एकमेकींना दिसतील पण चोच पोहोचणार नाही. मग एकत्र सोडायचं ते मोकळ्या अंगणात, बंद खुराड्यात कधीच नाही. एकटी कोंबडी सोडू नये, तीन-चार एकत्र सोडाव्यात, म्हणजे मार वाटला जातो. त्या दिवशी खाद्याची आणि पाण्याची एकेक जादा जागा करायची आणि दोन-चार फांद्या किंवा गोणपाट लटकवून आडोसे करायचे. तीन ते पाच दिवस भांडणं होणारच, मोठ्या-लहानांची उतरंड नव्याने ठरत असते. पिसं उपटणं, पाठलाग करणं चालायचं. रक्त दिसलं की मात्र ती कोंबडी तात्काळ बाहेर काढायची, कारण लाल रंग दिसताच बाकीच्या तिथेच टोचतात आणि तासाभरात जीव जातो. जखमेवर जांभळं औषध, म्हणजे जेन्शियन व्हायोलेट, लावलं की रक्ताचा रंग झाकला जातो आणि जखमही वाळते.

तलंगा मोठ्यांच्या दोन-तृतीयांश आकाराच्या झाल्याशिवाय मिसळू नयेत. गावरान आणि कडकनाथला त्यासाठी साडेतीन-चार महिने लागतात.

टोचाटोची नेहमीचीच झाली असेल तर कारण शोधावं. गर्दी, भर उजेड, खाद्यात प्रथिनं किंवा मीठ कमी, अंगावर उवा, यापैकी काहीतरी असतंच. चोच कापणं हा परसातल्या कोंबड्यांसाठी उपाय नाही, चोच कापलेली कोंबडी चरू शकत नाही. मेथीघासाची किंवा शेवग्याच्या पाल्याची जुडी डोक्याच्या उंचीवर टांगली तर दिवसभर त्या तिथे गुंततात.

खुराडं

याबद्दल थोडक्यात. आत पक्ष्यामागे दोन चौरस फूट, म्हणजे तीस पक्ष्यांना दहा बाय सहा. लांबी पूर्व-पश्चिम, म्हणजे ऊन थेट आत येत नाही. जाळी अर्ध्या इंचाची वेल्डमेश. षटकोनी कोंबडीजाळी कुत्र्याला थोपवते, मुंगसाला आणि सापाला नाही. जाळी जमिनीत फूटभर गाडावी. कोकणात पश्चिमेच्या बाजूला पावसाळी पडदा हवाच, पण वरची फूटभर जागा उघडी ठेवावी, नाहीतर आत विष्ठेचा उग्र वास कोंडतो आणि डोळे चुरचुरतात. आपले चुरचुरले तर त्यांचे केव्हाच चुरचुरत असतात.

बसायच्या दांड्या गोल बांबूच्या नकोत. दोन इंच रुंद लाकडी पट्टी, कडा गोल केलेल्या, पक्ष्यामागे आठ इंच. मिश्र कळपात सगळ्या दांड्या एका उंचीवर लावणं चुकीचं. गावरान आणि कडकनाथ चार फुटांवरही आनंदाने बसतात. साडेतीन-चार किलोचा गिरीराज तिथून रोज सकाळी उडी मारतो आणि तळव्याला मार बसून गळू होतं. त्याच्यासाठी फूटभर उंचीची दांडी वेगळी, आणि ती वरच्या दांडीच्या खाली नको, नाहीतर वरच्यांची विष्ठा खालच्यांच्या अंगावर पडते. अंड्यांची खोकी चार-पाच कोंबड्यांमागे एक, फूट बाय फूट, अंधाऱ्या बाजूला.

खाद्य एकच, शिंपले वेगळे

मिश्र कळपात खाद्याची सर्वात मोठी चूक म्हणजे सगळ्यांना अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेअर खाद्य घालणं. त्यात कॅल्शियम साडेतीन टक्क्यांच्या वर असतं, न घालणाऱ्या पक्ष्याला एक टक्का पुरतं. वाढत्या तलंगांना आणि नरांना ते जादा कॅल्शियम मूत्रपिंडातून बाहेर टाकावं लागतं. महिनोन्‌महिने तसं चाललं की मूत्रपिंड निकामी होतं, आतल्या अवयवांवर खडूसारखा पांढरा थर चढतो आणि धडधाकट दिसणारा पक्षी अचानक मरतो.

उपाय सरळ आहे. आठ आठवड्यांपुढच्या सगळ्यांना १६ टक्के प्रथिनांचं एकच खाद्य, आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम भरून ठेवलेला. ज्या कोंबडीला अंडं घालायचं असतं ती बरोबर तिथे जाते, बाकीचे पक्षी ढुंकूनही पाहत नाहीत. कोकणात कालवांच्या शिंपल्या फुकट मिळतात. भाजून ज्वारीच्या दाण्याएवढ्या कुटाव्यात. पीठ केलं तर खात नाहीत.

घरी करायचं असेल तर १०० किलोला हे प्रमाण जमून येतं: भरडलेला मका ५० किलो, सोयाबीन पेंड २०, तांदळाची कणी १२, भाताचा बारीक कोंडा १५, खनिज मिश्रण दीड किलो, डायकॅल्शियम फॉस्फेट एक किलो, मीठ अर्धा किलो. जीवनसत्त्वांची पावडर पाकिटावरच्या प्रमाणात, आधी किलोभर कोंड्यात मिसळून मग सगळ्यात. मीठ नीट मिसळलं गेलं नाही तर एका जागी खडे राहतात आणि ते खाल्लेला पक्षी पाणी पिऊन पिऊन मरतो, म्हणून मीठही आधी कोंड्यात. पेंड सोयाबीनचीच घेणं सुरक्षित. शेंगदाणा पेंडीत बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, चटकन तयार होतं. मक्याचंही तेच. पावसाळ्यात मका दाताखाली कटकन फुटला पाहिजे. दबला, वास आला किंवा कोंभाजवळ हिरवट-काळा दिसला तर तो कोंबड्यांना घालू नये. धुऊन, वाळवून, भाजून ते विष जात नाही.

पूर्ण कोंडलेला मोठा पक्षी दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खातो. चांगलं फिरणाऱ्या गावरानाला ४०-५० ग्रॅम पुरतात. पण सगळ्यांना एकत्र टाकलं तर गिरीराज आणि वनराजा दुसऱ्यांच्या वाटचंही खातात, लठ्ठ होतात आणि मग अंडी थांबतात. वनराजाची तलंग सहा महिन्यांची होताना अडीच किलोच्या आत राहिली पाहिजे. यासाठी सकाळी सोडताना कमी घालायचं, म्हणजे जड पक्षीही चरायला बाहेर पडतात, आणि मुख्य खाद्य संध्याकाळी कोंडताना. भांड्यांवर पक्ष्यामागे चार इंच जागा हवी, आणि भांडी किमान तीन, एकमेकांपासून दूर. एकाच लांब भांड्यावर वरचढ कोंबडी दोन्ही टोकं राखते, तीन ठिकाणी तिला ते जमत नाही.

उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात पारा चाळिशीपार गेला की आधी गिरीराज जातात, कारण जड अंगातून उष्णता बाहेर पडत नाही. दुपारी अकरा ते चार खाद्य उचलून ठेवावं, कारण पचनाने अंगातली उष्णता वाढते. पत्र्यावर उसाचं पाचट किंवा तुराट्या टाकून पाणी मारावं, पाणी मातीच्या भांड्यात सावलीत ठेवून दुपारी बदलावं. या दिवसांत पाणी नेहमीच्या दुप्पट लागतं.

मानमोडी, देवी, रक्ती हगवण

मानमोडी म्हणजे राणीखेत. हिरवी हगवण, चोच उघडून श्वास घेणं, मान पिळणं. लक्षणं दिसल्यावर औषध नाही, त्यामुळे सगळा भर लशीवर. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा ही राणीखेतची लस, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो या पिल्लांच्या रोगाची लस. अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा लासोटा. आठव्या आठवड्यात आर-टू-बी ही राणीखेतचीच दुसरी लस, पंखाखाली कातडीत अर्धा मिली. त्यानंतर दोन आठवडे सोडून देवीची लस, पंखाच्या पातळ पडद्यात टोचून. आर-टू-बी दर सहा महिन्यांनी पुन्हा, त्यातली एक फेरी उन्हाळ्याच्या आधी, जानेवारी-फेब्रुवारीत.

मिश्र वयांत इथेच गोंधळ होतो. ‘आज लस आणली आहे तर सगळ्यांना देऊन टाकू’ असं केलं जातं. आर-टू-बी ही जहाल लस आहे. आधी लासोटा न मिळालेल्या किंवा सहा आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला ती दिली तर लशीनेच लुळेपणा येतो. म्हणून प्रत्येक तुकडीच्या पायात वेगळ्या रंगाचं प्लास्टिकचं कडं आणि वहीत त्या रंगापुढे जन्मतारीख व लशींच्या तारखा. कडं महिन्या-महिन्याला बदलायचं, नाहीतर वाढत्या पायात रुततं.

लस फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत, जनावरांच्या दवाखान्यातून आणताना बर्फाच्या थर्मासमध्ये. कालवल्यावर दोन तासांत संपवायची. पाण्यातून द्यायची असेल तर नळाचं क्लोरीनचं पाणी चालत नाही, विहिरीचं घ्यावं आणि लिटरला पाच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर आधी मिसळावी. त्याआधी तासभर पाणी बंद ठेवायचं. कुपी निदान शंभर मात्रांची येते आणि आपल्याकडे असतात तीस पक्षी. उरलेली ठेवता येत नाही, म्हणून वाडीतल्या चार-पाच घरांनी एकच दिवस ठरवावा. त्याने पैसे वाचतात, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे शेजारच्या कोंबड्या सुरक्षित असल्या तरच आपल्या फिरत्या कोंबड्या सुरक्षित राहतात.

देवी डासांमधून पसरते, त्यामुळे पावसाळा आणि त्यानंतरचे दोन महिने जपायचे. तुऱ्यावर, डोळ्याभोवती खपल्या येतात. खपल्या ओढून काढू नयेत, आयोडीन लावावं. डोळे बंद झालेल्या पक्ष्याला हाताने भरवलं तर बहुतेक मोठे पक्षी वाचतात.

रक्ती हगवण तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना होते आणि तिचं मूळ ओल्या गादीत असतं. रोज मूठभर गादी दाबून पाहावी. मूठ उघडल्यावर लाडू तसाच राहिला तर गादी ओली आहे, हळूच सुटला तर बरोबर. ओली गादी, विशेषतः पाण्याच्या भांड्याभोवतीची, काढून टाकायची, बाकीची खालीवर करून थोडा चुना मिसळायचा. औषध अँप्रोलियम, पशुवैद्यकांनी सांगितलेल्या मात्रेत पाण्यातून. एका पिल्लाच्या विष्ठेत रक्त दिसलं की सगळ्या तुकडीला द्यायचं.

जंताचं औषध पहिल्यांदा आठव्या आठवड्यात, नंतर दर तीन महिन्यांनी. सर्व वयांना एकाच दिवशी, नाहीतर ज्यांना दिलं नाही त्यांच्याकडून पुन्हा येतात. अंगावरच्या उवांसाठी चुलीची राख आणि कोरडी माती समप्रमाणात एका खड्ड्यात, वर छप्पर. लाल रंगाच्या बारीक गोचिडी मात्र दिवसा अंगावर नसतात, दांडीच्या फटीत असतात. रात्री बॅटरीने दांडीखाली पाहिलं तर सापडतात, आणि इलाजही दांड्यांचा आणि फटींचा करायचा.

एका-दोन दिवसांत बरेच पक्षी पटापट मेले तर घरच्या घरी ‘मानमोडी’ असं ठरवू नये. बर्ड फ्लूची सुरुवातही तशीच दिसते. देशातला पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणीतल्या मुरुंबा गावात तो पुन्हा सापडला. मेलेले पक्षी ओढ्यात टाकू नयेत, उरलेले घाईने विकू नयेत, दवाखान्यात कळवावं. खात्रीची तपासणी भोपाळच्या प्रयोगशाळेत होते.

रवण आणि कोंबडे

मिश्र कळपात गावरान खुडूक कोंबडी हेच घरचं उबवणी यंत्र. तिच्याखाली तिची स्वतःची दहा-बारा अंडी मावतात. आरआयआर किंवा गिरीराजची मोठी अंडी असतील तर आठ-नऊच ठेवावीत, नाहीतर कडेची गार पडतात आणि कोंबडी ती फिरवताना आलटून-पालटून सगळीच बिघडतात. अंडी हिवाळ्यात सात दिवसांपर्यंतची, उन्हाळ्यात तीन-चार दिवसांची, निमुळतं टोक खाली ठेवून साठवलेली. धुवायची नाहीत. रवण बाकीच्यांपासून वेगळ्या अंधाऱ्या जागी लावायची, कारण दुसऱ्या कोंबड्या तिच्याखाली रोज नवी अंडी घालतात आणि एकवीस दिवसांचा हिशेब बिघडतो. अंड्यांवर पेन्सिलीने खूण करून ठेवावी. सातव्या रात्री बॅटरीवर धरून पाहिलं की आत शिरांचं जाळं दिसतं, न दिसणारी काढून टाकायची. अठराव्या दिवसानंतर हात लावायचा नाही.

गिरीराज, वनराजा, ग्रामप्रियाची अंडी उबवून तीच जात मिळत नाही. या संकरित जाती आहेत, पुढच्या पिढीत वजन आणि अंडी दोन्ही उतरतात आणि पिल्लं एकसारखी निघत नाहीत. घरी खाण्यासाठी उबवावीत, पण ‘गिरीराजची पिल्लं’ म्हणून विकणं म्हणजे घेणाऱ्याला फसवणं आहे. कडकनाथची शुद्ध पिल्लं हवी असतील तर माद्या दुसऱ्या कोंबड्यांपासून तोडून फक्त कडकनाथ नराबरोबर ठेवायच्या आणि पहिले तीन आठवडे अंडी उबवायला घ्यायची नाहीत, कारण आधीच्या नराचं बीज मादीच्या अंगात तितके दिवस टिकतं. आणि कडकनाथचं भरमसाट पैसा देणारं गणित कोणी मांडलं तर सावध व्हावं. २०१९ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात करार पद्धतीच्या कडकनाथ योजनांत शेतकऱ्यांचे पैसे मोठ्या प्रमाणावर बुडाले. पक्षी चांगला आहे, बाजार लहान आहे.

कोंबडे आठ-दहा माद्यांमागे एक पुरे. मिश्र कळपात तो एक कोण, हे महत्त्वाचं. चार किलोचा गिरीराज सव्वा किलोच्या गावरान कोंबडीवर चढला की नखांनी आणि आरांनी तिच्या बरगडीची कातडी फाटते, आणि पिसांखाली असल्यामुळे किडे पडेपर्यंत दिसत नाही. म्हणून मोकळा फिरणारा नर गावरान किंवा कडकनाथ ठेवावा. दोन नर ठेवायचे तर एका वयाचे ठेवू नयेत. एक मोठा आणि एक त्याच्याहून बराच लहान असले तर भांडण लवकर मिटतं.

बाकीचे नर केव्हा काढायचे हे पंचांगाने ठरतं. आखाडात मागणी सर्वात जास्त, श्रावण लागला की भाव पडतो आणि पुढे नवरात्र संपेपर्यंत फारसा वर येत नाही. गावरान नर दीड किलोचा व्हायला पाच-सहा महिने लागतात. म्हणजे आखाडात विकायचा नर जानेवारी-फेब्रुवारीत रवणीतून निघालेला हवा, आणि त्या वेळची पिल्लं कोरड्या हवेमुळे जगतातही जास्त. पावसाळ्यात निघालेल्या पिल्लांपैकी निम्मी वाचवताना जीव मेटाकुटीला येतो, त्या काळातली खुडूक कोंबडी रवणीला न बसवता मोडलेली बरी: तीन-चार दिवस जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात, खालून हवा लागेल अशी, खाणं-पाणी नेहमीचं. विकायच्या नरांना आखाडाआधी दोन आठवडे वेगळं काढून संध्याकाळच्या खाद्यात मका वाढवावा. त्या तुकडीला जंताचं किंवा दुसरं कोणतंही औषध दिलं असेल तर पाकिटावर छापलेले थांबण्याचे दिवस वहीतल्या तारखेपासून मोजून पुरे झाल्यावरच त्यांना बाजार दाखवायचा.